अवयवदान : मागण्याआधीची शुश्रूषा

"छाती तर हलायली की सिस्टर, मग गेला कसं म्हणता?"

नांदेड-लातूरच्या अतिदक्षता विभागांत व्हेंटिलेटरवरच्या माणसाचे नातेवाईक हा प्रश्न विचारतात. डॉक्टरांची फेरी होऊन गेलेली असते, म्हणून तो बहुतेक वेळा सिस्टरलाच विचारला जातो, आणि तोही रात्री. त्या वेळी सिस्टर काय बोलते, कुठे थांबते आणि पेशंटच्या अंगावरची चादर कशी नीट करते, यावरून त्या घराचा दवाखान्यावर विश्वास बसतो किंवा उडतो. अवयवदानाची गोष्ट निघते ती यानंतर.

मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी हृदय किंवा यकृत काढण्याची शस्त्रक्रिया होत नाही. तरी हा विषय मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर किंवा अहमदपूरच्या परिचारिकांना परका नाही. डोक्याला मार लागलेला मोटारसायकलवाला १०८ मधून आधी त्यांच्याकडेच येतो. नेत्रदान तर घरातल्या खाटेवर गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचंही होऊ शकतं. भावाला किडनी दिलेली बहीण टाके सुकल्यावर गावीच परतते. आणि नांदेडला किंवा हैदराबादला कागदावर सही करून आलेला बाप वर्षभराने ओळखीच्या सिस्टरलाच विचारतो, "आम्ही केलं ते बरोबर होतं ना?"

हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि उद्या त्याच खाटेशेजारी उभं राहावं लागू शकणाऱ्या घरच्यांसाठीही. सांगायचं आहे ते एवढंच : अवयव मिळवून देणं हे परिचारिकेचं काम नाही. पेशंटवर उपचार अर्धवट राहू नयेत, मृत्यू झाला असेल तर तो घरच्यांना खरोखर समजावा, आणि मग त्यांनी दिलेला होकार किंवा नकार त्यांचा स्वतःचा असावा, हे पाहणं तिचं काम आहे.

पेशंट आधी पेशंट असतो

अपघाताचा पेशंट आला की त्याच्याकडे "संभाव्य दाता" म्हणून पाहणारी नजर कॅज्युअल्टीत असता कामा नये. श्वासमार्ग मोकळा, मानेला आधार, रक्तस्राव बंद, ऑक्सिजन, शिरेतून सलाईन, दर थोड्या वेळाने शुद्धीची नोंद आणि बाहुल्यांचा आकार. ही कामं पूर्ण मनाने झाली तरच पुढचं सगळं बोलणं नैतिक ठरतं. रेफर करताना चिठ्ठीवर वेळा लिहा : पेशंट किती वाजता आला, तेव्हा किती शुद्धीत होता, कोणती औषधं किती वाजता दिली, झटके आले का. झोपेचं किंवा स्नायू शिथिल करणारं औषध दिलं असेल तर त्याची नोंद फार मोलाची आहे, कारण पुढच्या दवाखान्यात मेंदूची तपासणी करताना त्याच औषधाने निष्कर्ष चुकू शकतो.

आपल्या भागात आणखी एक भान लागतं. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. ती बातमी अजून लोकांच्या मनात आहे. अशा जिल्ह्यात "अवयव द्याल का" या प्रश्नामागे "नीट बघितलं होतं का" हा दुसरा प्रश्न उभाच असतो. त्याचं उत्तर भाषणाने देता येत नाही. घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलेली शुश्रूषाच ते देते.

कोमा, निपचित अवस्था आणि मेंदूमृत्यू

नातेवाइकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. दुर्दैवाने दवाखान्यातली माणसंही हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतात.

कोमात माणूस बेशुद्ध असतो, पण मेंदू जिवंत असतो. तो सुधारू शकतो.

निपचित अवस्थेत, म्हणजे डॉक्टर ज्याला व्हेजिटेटिव्ह स्टेट म्हणतात त्यात, पेशंट स्वतः श्वास घेतो, डोळे उघडतो-मिटतो, पण भोवतालचं भान असल्याची खूण मिळत नाही. महाराष्ट्राला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच हल्ला झाला. मेंदूला इजा झाली आणि १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात होत्या. परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. त्यांचं अन्न थांबवण्याची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. त्या पेशंटबद्दल बोलण्याचा अधिकार न्यायालयाने शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. अरुणाताई मेंदूमृत नव्हत्या. अशा माणसाच्या बाबतीत मरणोत्तर अवयवदानाचा प्रश्नच येत नाही.

मेंदूमृत्यू म्हणजे ब्रेनस्टेम डेथ. श्वास, शुद्ध आणि डोळ्या-घशाच्या प्रतिक्षिप्त क्रिया चालवणारा मेंदूचा देठ कायमचा बंद पडलेला असतो. छाती हलते ती मशीनमुळे. हृदय चालतं कारण त्याची स्वतःची लय असते आणि मशीन त्याला ऑक्सिजन पुरवत असतं. घरच्यांना सांगायचं तर, विहिरीवरची मोटार बंद झाली तरी पाइपातलं पाणी थोडा वेळ वाहत राहतं, तसं. इथून माणूस परत येत नाही. हा कोमाचा शेवटचा टप्पा नव्हे, हा मृत्यू आहे.

म्हणून "ब्रेनडेड आहे, पण अजून जिवंत ठेवलंय" हे वाक्य कधीही बोलू नका. त्याच्या दोन्ही अर्ध्यांचा मेळ बसत नाही आणि घरच्यांना पुढे वर्षानुवर्षं तेच छळतं.

मण्यार काय शिकवते

मुखेडची ओळख सर्पदंशाच्या उपचारांमुळेही आहे. इथले डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या सर्पदंशाच्या उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव २००५ मध्ये 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त मांडला. अवयवदानाच्या लेखात साप कुठून आला, असं वाटेल. पण मेंदूमृत्यूच्या निदानात घाई का नको, हे मण्यारीइतकं कोणी शिकवत नाही.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. खूण दिसेल न दिसेल, दुखणंही बेताचंच. पहाटे पोटात कळा, मग पापण्या जड, बोलणं बोबडं, गिळता येईना, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थंड. व्हेंटिलेटरवर असा पेशंट हलत नाही, डोळे उघडत नाही, बाहुल्या मोठ्या होऊन उजेडाला दाद देत नाहीत. वरवर पाहणाऱ्याला तो मेंदूमृत वाटू शकतो. प्रत्यक्षात विषाने मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश अडवलेला असतो. आत मेंदू जागा असू शकतो, माणूस सगळं ऐकत असू शकतो. श्वासाला आधार, सर्पविषाविरुद्धचं औषध आणि काही दिवसांची चिकाटी मिळाली, तर तो चालत घरी जाऊ शकतो.

यातून परिचारिकेने घ्यायचे तीन धडे आहेत.

पहिला : पेशंट कितीही निपचित असला तरी खाटेशेजारी "आता काही राहिलं नाही" असं बोलायचं नाही. नाव घेऊन हाक मारा, काय करतोय ते सांगून मगच सुई टोचा.

दुसरा : माहिती काढा. रात्री कुठे झोपला होता? शेतात फवारणी होती का? औषध पोटात गेल्याचा संशय आहे का? कीटकनाशकाच्या विषबाधेतही खोल बेशुद्धी येते. घरच्यांनी डॉक्टरांना न सांगितलेली गोष्ट ते सिस्टरला सांगतात. ती केसपेपरवर आली पाहिजे.

तिसरा : शंका आली तर बोला. मेंदूमृत्यूच्या चाचणीआधी विषबाधा, गुंगीची आणि स्नायू शिथिल करणारी औषधं, शरीराचं घटलेलं तापमान, रक्तदाब कोसळणं, क्षार आणि साखरेचे बिघाड ही सगळी कारणं बाजूला सारावी लागतात. "सर, काल रात्री मिडाझोलम चालू होतं" असं सांगणं हा आगाऊपणा नाही. ते तुमचं कर्तव्य आहे.

प्रमाणपत्र कोण देतं, कसं देतं

आपल्याकडे हा कारभार १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने चालतो. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २०१४ मध्ये नवे नियम आले. परिचारिकेला यातल्या काही गोष्टी तोंडपाठ हव्यात.

मेंदूमृत्यू एकटा डॉक्टर ठरवत नाही. चार जणांचं मंडळ असतं : रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतले एक तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचे सर्जन, आणि उपचार करणारे डॉक्टर. मेंदूचे तज्ज्ञ मिळत नसतील तर मान्यताप्राप्त यादीतले सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ चालतात. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातल्या कोणालाही या मंडळात बसता येत नाही. ज्याला अवयव हवा आहे त्याने मृत्यू ठरवायचा नाही, ही साधी नीती त्यामागे आहे.

चाचण्या दोनदा होतात आणि दोन वेळांमध्ये किमान ६ तासांचं अंतर लागतं. बाहुल्यांवर उजेड टाकणं, बुबुळाला कापसाचा स्पर्श, घशात नळीने ठसका येतो का, कानात थंड पाणी घातल्यावर डोळे हलतात का, आणि शेवटी मशीनचा श्वास थांबवून पेशंट स्वतः श्वास घेतो का, हे पाहिलं जातं. निष्कर्ष नमुना १० मध्ये लिहून चौघांच्या सह्या होतात. नमुना ८ हा नातेवाइकांच्या संमतीचा. मूल अज्ञान असेल तर आई किंवा वडील नमुना ९ वर सही करतात. माणसाने हयातीत केलेला संकल्प नमुना ७ मध्ये असतो.

हे सगळं नोंदणीकृत रुग्णालयातच होतं. प्रत्यारोपण करत नसलेलं, पण अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह असलेलं रुग्णालयही फक्त अवयव काढण्यासाठी नोंदणी करू शकतं. मराठवाड्यासाठी अवयवांचं वाटप छत्रपती संभाजीनगरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहतं. तेलंगणात हेच काम 'जीवनदान' योजनेतून होतं. आपले बरेच पेशंट हैदराबादला जातात, म्हणून हे नावही लक्षात ठेवा. अवयव कोणाला मिळणार हे प्रतीक्षायादी ठरवते. ते ना डॉक्टर ठरवतात, ना दात्याचे घरचे.

एक गोष्ट नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा : मेंदूमृत्यूनंतरही कधी कधी हात किंवा पायाचं बोट हलतं. ती पाठीच्या कण्यातली प्रतिक्षिप्त क्रिया असते. सांगितलेलं नसेल आणि बहिणीने भावाचा हात हलताना पाहिला, तर त्यानंतर तुमच्या कोणत्याही शब्दावर तिचा विश्वास बसणार नाही.

नातेवाइकांशी बोलताना

अवयवदानाबद्दल विचारण्याची जबाबदारी कायद्याने डॉक्टर आणि प्रत्यारोपण समन्वयक यांच्यावर टाकली आहे. परिचारिकेने स्वतःहून विषय काढायचा नाही, पण त्या बोलण्याच्या वेळी तिथे असायचं. कारण घरच्यांच्या ओळखीची तीच असते.

सगळ्यात महत्त्वाचा नियम : मृत्यूची बातमी आणि दानाचा प्रश्न एका दमात नको. आधी मृत्यू सांगितला जातो. मग वेळ जाऊ द्यायचा. घरची माणसं "आता पुढं काय?" किंवा "बॉडी कधी मिळंल?" असं विचारू लागली की त्यांच्या मनाने ते स्वीकारलंय, असं समजावं. त्याआधी काढलेला दानाचा विषय मृतदेहावरचा सौदा वाटतो.

बोलायची जागा कॉरिडॉर नाही. एक खोली, दोन-चार खुर्च्या, पाणी. घरातलं कोण ठरवतं हे ओळखा, पण बायकोला किंवा आईला बाहेर ठेवून चुलत्यांनी निर्णय घेतलाय, असं होऊ देऊ नका. तांड्यावरून आलेल्या आजीला मराठी नीट समजत नसेल तर गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलणारं कोणी शोधा. सही किंवा अंगठा घेण्याआधी कागद वाचून दाखवला गेला का, हे पाहा.

असं बोलता येईल :

"दादा, तुमचा प्रश्न बरोबर आहे. छाती हलतीय ती मशीनमुळं. डॉक्टरांनी दोन वेळा तपासलंय. तुम्हाला हवं तर ते तुमच्यासमोर परत समजावून सांगतील."

"मावशी, तुम्ही आत या. हात धरा त्याचा. घाई नाही."

"हो म्हणा, नाही म्हणा, आम्ही त्याची काळजी तशीच घेणार."

आणि हे टाळा : "तुमचा मुलगा दुसऱ्याच्या शरीरात जिवंत राहील", "पुण्य लागेल", "देवाने तुम्हाला संधी दिली", "बाकीच्यांनी दिलं, तुम्ही का नाही". ही वाक्यं ऐकायला गोड असतात, पण दुःखात बुडालेल्या माणसावर ती दडपण आणतात. एखादी आई स्वतः तसं म्हणाली तर तिचा मान ठेवा. ते वाक्य तिचं आहे, तुम्ही ते तिच्या तोंडी घालू नका.

धर्माचा प्रश्न आला तर वाद घालू नका. पुढच्या जन्मी आंधळा होईल, ही भीती अजून ऐकू येते. लिंगायत घरात देह बसवून समाधी देतात, मुस्लिम घरात दफन लवकर व्हावं असं वाटतं. अवयव काढल्यावर शरीर शिवून, स्वच्छ करून परत मिळतं आणि नेहमीचे विधी करता येतात, एवढं वस्तुस्थितीचं सांगा. स्वामी, महाराज किंवा मौलवी यांना फोन करायला वेळ द्या.

नकार आला तर तो नोंदवा आणि तिथेच थांबा. "का नाही" हा प्रश्न परिचारिकेचा नाही. दाता होऊ शकणाऱ्या माणसाने हयातीत कार्ड भरलं असलं तरी व्यवहारात घरच्यांची संमती घेतली जाते. म्हणून स्वतःचा संकल्प करणाऱ्या वाचकाने तो आज रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरात बोलून दाखवावा. कपाटातल्या कार्डाचा अतिदक्षता विभागात उपयोग होत नाही.

पोलीस केस असेल तर

अपघात, मारहाण, विषबाधा म्हणजे एमएलसी, पोलिसांत नोंद होणारं प्रकरण. अशा पेशंटचंही अवयवदान होऊ शकतं, पण पोलिसांना आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना वेळेत कळवावं लागतं. शवविच्छेदन अवयव काढण्याच्या वेळीच, त्याच ठिकाणी करण्याची सोय नियमांत आहे. नोव्हेंबर २०२१ पासून केंद्राने सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला परवानगी दिली आहे आणि अवयवदानाच्या प्रकरणांना त्यात प्राधान्य आहे. त्यामुळे "रात्र झाली, आता सकाळीच" हे उत्तर घरच्यांना देण्याआधी विचारून घ्या. कपडे, चपला, मोबाइल, दागिने यांची यादी करून दोन साक्षीदारांसमोर ताबा द्या. सोन्याची अंगठी हरवली तर अवयवदानाचं सगळं चांगलं काम त्या अंगठीखाली गाडलं जातं.

होकारानंतर आणि नकारानंतर

होकार मिळाल्यावर शरीर सांभाळणं कठीण असतं, कारण मेंदू गेल्यावर रक्तदाब, तापमान आणि लघवीचं प्रमाण यांवर ताबा राहत नाही. अतिदक्षता विभागात याला शंभराचा नियम म्हणतात : वरचा रक्तदाब १०० च्या वर, लघवी तासाला १०० मिलीच्या आसपास, रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब १०० च्या वर, आणि हिमोग्लोबिन लिटरमागे १०० ग्रॅम, म्हणजे आपल्या भाषेत १०. लघवी अचानक खूप वाढली तर तो डायबेटिस इन्सिपिडस असू शकतो, लगेच कळवा. अंग गरम ठेवा, कूस बदला, तोंड आणि डोळे स्वच्छ ठेवा. हृदयाला चार ते सहा तासांत दुसऱ्या शरीरात पोहोचावं लागतं, यकृताला आणि किडनीला त्याहून जास्त वेळ मिळतो. ग्रीन कॉरिडॉरची, म्हणजे अवयव नेणाऱ्या गाडीसाठी रस्ता मोकळा ठेवण्याची, धावपळ त्यासाठीच असते.

शस्त्रक्रियागृहातही तो माणूस नावानेच ओळखला जावा. नंतर अंग पुसून, जखम नीट झाकून, केस विंचरून देह घरच्यांच्या हवाली करा. अवयव काढण्याचा आणि नेण्याचा खर्च घरच्यांनी करायचा नसतो. बिलात तो लागला असेल तर समन्वयकाला विचारा, असं त्यांना सांगा. अवयव कोणाला गेला हे सांगू नका, फोटो काढू नका, वॉर्डच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. तालुक्याच्या गावात दोन दुवे जोडायला लोकांना अर्धा दिवसही लागत नाही.

नकार मिळाला तर व्हेंटिलेटर काढायचा की नाही, हा निर्णय वरिष्ठ डॉक्टरांनी घरच्यांशी बोलून, लेखी घ्यायचा असतो. तोंडी हुकमावर परिचारिकेने मशीन बंद करू नये.

अशी रात्र काढलेल्या सिस्टरलाही कोणीतरी विचारायला हवं. हृदय चालू असलेल्या देहाची शुश्रूषा करून तो शस्त्रक्रियागृहात सोडून येणं सोपं नसतं. अधिसेविकेने दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं बसून ऐकावं. कोणाला या कामाचा त्रास होत असेल तर तो कमकुवतपणा समजू नये.

मुखेडात आज करता येईल ते : नेत्रदान

नेत्रदानाला व्हेंटिलेटर लागत नाही, मंडळ लागत नाही. मृत्यू दवाखान्यात होवो की वाडी-तांड्यावर, सहा तासांच्या आत पथक पोहोचलं पाहिजे, जितकं लवकर तितकं चांगलं. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, वय यांपैकी काहीही आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, रेबीज, रक्ताचा कर्करोग, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर बुबुळ वापरत नाहीत. पण हा निवाडा नेत्रपेढीचा. तुमचं काम फोन करणं.

पथक येईपर्यंत :

१. दोन्ही पापण्या हलक्या हाताने मिटा.
२. त्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा, सुकला की बदला.
३. पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने बुबुळ कोरडं पडतं.
४. डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच करा, म्हणजे रक्तस्राव कमी होतो.
५. डॉक्टरांनी सांगितल्यास प्रतिजैविकाचे थेंब घाला.
६. केसपेपर, मृत्यूचं कारण आणि वेळ तयार ठेवा. पथक रक्ताचा नमुना घेतं.

सगळं काम १५ ते २० मिनिटांत होतं, चेहरा विद्रूप होत नाही आणि एका माणसाची बुबुळं दोघांच्या कामी येतात. प्रशिक्षित तंत्रज्ञही बुबुळ काढू शकतो, डॉक्टरच हवा असं नाही.

देहदानाशी याची गल्लत होते. देहदान वैद्यकीय महाविद्यालयातल्या शिक्षणासाठी असतं. नेत्रदान करून देहदान करता येतं. पण शवविच्छेदन झालेला किंवा अवयव काढलेला देह सहसा घेतला जात नाही. नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था इथे याची चौकशी करता येईल.

जिवंत दाता : एकटीला भेटा

डायलिसिसवर असलेल्या घरातल्या माणसाला किडनी कोण देणार, हा प्रश्न बहुतेक घरांत बाईपाशी येऊन थांबतो. पत्नी, आई, बहीण. देणाऱ्या बायका आणि घेणारे पुरुष, असं चित्र देशभर आहे. कायद्याने आई-वडील, पती-पत्नी, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं यांना जवळचे नातेवाईक मानलं आहे. बाकी कोणी द्यायचं म्हटलं तर प्राधिकार समितीची परवानगी लागते.

तपासण्यांसाठी आलेल्या बाईला एकदा तरी एकटीला भेटा. विचारा : तुम्हाला स्वतःला द्यायची आहे का? नाही म्हटलं तर घरात काय होईल? पैशाचं कोणी बोललंय का? ऑपरेशननंतर तुमच्याकडे कोण बघणार? ती घाबरलेली वाटली तर डॉक्टरांना सांगा. "वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही" एवढंच कारण देऊन तिला सोडवता येतं.

पैसे घेऊन-देऊन अवयवाचा व्यवहार केल्यास ५ ते १० वर्षांची कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. २०१६ मध्ये मुंबईत पवईच्या एका रुग्णालयात बनावट पत्नी दाखवून चाललेला किडनीचा व्यवहार उघड झाला आणि त्यात डॉक्टरांनाही अटक झाली. कागदपत्रं बघणाऱ्या प्रत्येकाने चेहरे आणि नाती पाहिली पाहिजेत. कर्जबाजारी शेतकऱ्याला किंवा ऊसतोडीच्या उचलीखाली दबलेल्या जोडप्याला दलाल सहज गाठतो. "एक किडनी गेली तर काय बिघडतं" असं कोणी विचारू लागलं, तर त्यामागे काय आहे ते समजून घ्या.

किडनी दिलेल्या बाईला साधारण दीड महिना जड उचलायला लावू नका, असं घरच्यांना स्पष्ट सांगा. म्हणजे घागर, मोळी, उसाचा भारा काहीही नको. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा दिली, ती उगाच नाही. पुढे दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासायला हवं. घेणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. देणारीची फाइल कोणीतरी उघडत राहिलं पाहिजे, आणि ते काम गावच्या सिस्टरला जमतं.

गावी परतलेला पेशंट

प्रत्यारोपण झालेला माणूस तुमच्या ओपीडीत तापाने आला, तर तो साधा ताप समजू नका. त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी ठेवलेली असते. नेहमीच्या गोळ्या बंद करू नका, उलट्या होत असतील तर लगेच कळवा. डायक्लोफेनॅकसारखं दुखण्याचं इंजेक्शन किडनीला मारक ठरू शकतं. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, रिफाम्पिसिन ही औषधं त्याच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वर-खाली करतात. जिवंत लशी टाळायच्या असतात. प्रत्यारोपण केलेल्या केंद्राचा नंबर केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहा आणि औषध देण्याआधी तिथे फोन करा.

या आठवड्यात करायची कामं

आपल्या वॉर्डातल्या टेबलावर एक कागद चिकटवा : जवळच्या नेत्रपेढीचा नंबर, आपल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांचा नंबर, संभाजीनगरच्या समन्वय केंद्राचा नंबर, आणि राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-४७७०. मृत्यूनंतर करायच्या कामांच्या यादीत "नेत्रदानाबद्दल डॉक्टरांनी विचारलं का?" ही एक ओळ घाला. परिचारिका स्वतः प्रत्यारोपण समन्वयक होऊ शकते, नियमांत तशी पात्रता आहे. ज्यांना हे काम जमेल असं वाटतं, त्यांनी चौकशी करावी. मराठवाड्यात मराठी, गोरबोली आणि तेलुगू समजणारी समन्वयक ताई फार हवी आहे.

आणि घरच्यांसाठी एक विनंती. तुमच्या माणसाला काय हवं होतं हे त्याच्या हयातीत विचारून ठेवा. दवाखान्यात शंका आली तर कितीही वेळा विचारा. नाही म्हणावंसं वाटलं तर मोकळ्या मनाने नाही म्हणा. तुम्हाला पुरता वेळ आणि खरी माहिती देणं हे आमच्या परिचारिकांचं कर्तव्य आहे, आणि ते त्यांच्याकडून हक्काने मागा.